तिसऱ्या दिवशीचं हसू

माझ्या मुलाच्या तिसऱ्या दिवशी माझी सून आतल्या खोलीत मोठ्यानं हसली.

हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. पुरुष सकाळीच नदीवर जाऊन राख सावडून आले होते आणि बाहेर मांडवाखाली चहा घेत होते. एक लांबची नणंद नुकतीच माझ्या गळ्यात पडून रडली होती आणि बाजूला बसून नाक पुसत होती. तेवढ्यात बंद दारामागून हसण्याचा आवाज आला. रडता रडता माणसाचं भान सुटतं आणि हसू फुटतं, तसलं ते नव्हतं. चारचौघांत गप्पा मारताना येतं तसं साधं, मोकळं हसू होतं. त्याच्या मागोमाग इंग्रजी बोलणं.

सगळ्यांनी दाराकडं बघितलं.

"टीव्ही लागलाय का काय?" नणंद म्हणाली.

"टीव्ही तीन दिस बंद हाय," माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. त्या आमच्या शेजारच्याच घरात राहतात. आवाज कुणाचा ते त्यांनी ओळखलं होतं. "कोपऱ्यातली पोरगी कुठं गेली?"

कोपरा रिकामा होता. जाऊबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी बघते," आणि दार लोटलं.

सून टेबलापाशी ताठ बसली होती. समोर लॅपटॉप. खाली तीच तीन दिवसांची चुरगळलेली साडी आणि वरून ऑफिसचा निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोळे सुजले होते ते दिसू नयेत म्हणून चष्मा चढवलेला. आणि कपाळावर टिकली. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत पुरुषांचे चेहरे होते, काही गोरे, काही आपल्याकडचे. माझ्याकडं न बघता तिनं टेबलाखालून हाताचा पंजा दाखवला. थांबा. मग पडद्यातल्या कुणाच्या तरी बोलण्यावर पुन्हा थोडी हसली.

जाऊबाई ऐकतात कसल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत डोकावलं.

"अगं, तिच्या कपाळाला काय हाय ते?"

मी दार ओढून घेतलं. पण जे दिसायचं ते दिसलं होतं. त्या सतरंजीवर परत जाऊन बसल्या आणि हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं. हळू म्हणजे मांडवापर्यंत गेलं असेल.

थोड्या वेळानं सून बाहेर आली. कोट नव्हता, चष्मा नव्हता, टिकली काढलेली होती. डोक्यावरून पदर घेऊन ती कोपऱ्यात बसली.

"झालं का हसून?" जाऊबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

माझा मुलगा शेतावर विहिरीची मोटर चालू करायला गेला होता. तिथंच छातीत कळ आली. शेजारच्या रानातल्या माणसानं त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण तोवर संपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती. त्याला बाहेर काढण्याआधी बायकांनी सुनेच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं आणि कुंकू पुसलं. माझं पुसलं तेव्हाही अशाच बायका होत्या, त्यातल्या दोघी-तिघी त्याच. सुनेनं हात पुढं केले होते. तिची सहा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बघत होती.

आमच्या मांजरी गावात मयताच्या घरी भेटायला यायची एक रीत आहे. येणारी बाई गल्लीच्या तोंडालाच रडण्याचा हेल काढते. घरातल्या बायका तो आवाज ऐकतात, उठतात, दारात एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं, मेलेल्याचे गुण गायचे, मग पाणी पिऊन बसायचं. दुसरी आली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याचं माणूस गेलं तिला प्रत्येकीबरोबर रडावं लागतं, मग डोळ्यांत पाणी असो की नसो. माझ्या सुनेला ते जमत नव्हतं. ती नुसती उभी राही आणि समोरची तिच्या गळ्यात पडून रडे. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, "शिकलेली हाय, तिला रडाया येत न्हाई." तिसऱ्या दिवशी हसायला येतं हेही सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवशी संध्याकाळी बायका गेल्यावर मी तिला विचारलं. आमच्यात दहा दिवस चूल पेटवत नाहीत. जाऊबाईंच्या घरून आलेली भाकरी आणि पिठलं पुढ्यात होतं.

"काय चाललं होतं गं आत?"

"कॉल होता, आई."

"तेराव्यापर्यंत थांबत नाहीत का ते?"

"थांबतात ना. माझ्यासाठी थांबतात म्हणजे मला बाजूला बसवतात आणि पुढं जातात."

मग तिनं नीट सांगितलं. एक मोठं नवं काम परदेशातून यायचं होतं. ते आलं की त्याची टीम तिच्या हाताखाली द्यायची असं ठरलं होतं. ती त्याची लीड होणार होती. तिकडच्या लोकांशी शेवटची बोलणी याच दोन आठवड्यांत होती. नवरा गेला हे तिनं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात आजारपण आहे, मी घरून काम करते, एवढंच कळवलं होतं.

"आणि हसायला काय झालं?"

"तिकडचा मोठा साहेब मीटिंगच्या सुरुवातीला काहीतरी विनोद करतो. सगळे हसतात. मी नाही हसले तर विचारतील काय झालं."

"टिकली?"

"रोज असते ना, आई. आज नसती तर दिसलं असतं."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. तिचं बरोबर की चूक ते मला लगेच ठरवता आलं नाही. पण एवढं कळलं की या पोरीला बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर रडायचं होतं आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर हसायचं होतं, आणि नवऱ्यासाठी रडायला तिला वेळ कुठला राहिला होता कोण जाणे.

ऑफिसला ती का सांगत नव्हती ते मला माहीत होतं. नात पोटात असताना असंच झालं होतं. तेव्हाही ती लीड व्हायची होती. पाचव्या महिन्यात साहेबानं बोलावून घेतलं आणि अगदी मायेनं सांगितलं की आता धावपळ तुला नको, तू आराम कर. तिनं ज्या मुलाला काम शिकवलं होतं त्याला ते दिलं. बाळंतपणाची सुट्टी संपवून ती गेली तर त्याच्याच हाताखाली. तिला तिथवर परत पोचायला पाच वर्षं लागली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी अपमान केला नाही. घरी आम्हीही तेव्हा तिला आराम कर असंच म्हणत होतो. दोन्हीकडून आराम कर म्हणणारे असले की माणूस कुणाशी भांडणार?

ती काय काम करते ते मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं, सोळाव्या वर्षी लग्न होऊन या घरी आले. सुनेनं मला सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्यांनी जे लिहिलेलं असतं त्यातल्या चुका मी शोधते. मी म्हटलं, म्हणजे सासूचं काम. ती खूप हसली होती तेव्हा. नव्या लग्नाचे दिवस होते.

तिला बघायला गेलो तेव्हा तिनं पोहे आणले आणि सांगितलं, "पोहे आईनं केलेत. मला विचारायचं ते कॉम्प्युटरमधलं विचारा." दौंडकडची शेतकऱ्याची पोर, सदाशिव पेठेत एका खोलीत चौघी राहून इंजिनियर झालेली. जाऊबाई परत येताना गाडीत म्हणाल्या, "कॉम्प्युटर काय ताट वाढनार हाय का?" माझा मुलगा पुढं बसला होता. तो मागं न बघता म्हणाला, "मी वाढीन की." त्याचं शिक्षण तिच्यापेक्षा कमी होतं, उरलेलं शेत आणि एक ट्रॅक्टर तो बघायचा. ते त्याला लागत नव्हतं. तिला सोडायला, आणायला मोटरसायकल घेऊन खराडीला तिच्या ऑफिसला जायचा. पारावरची पोरं म्हणायची, "काय राव, बायकोचा ड्रायव्हर?" तो म्हणायचा, "पक्की नोकरी हाय. जेवान आनि ऱ्हानं मालकिनीकडं." त्याच्यावर बोलणं टाकलं की ते असं घरंगळून जायचं. माझ्यावरचं तसं जात नाही. मी धरून ठेवते.

चौथ्या दिवशी व्याही आले. जाऊबाईंनीच फोन करून बोलावलं होतं. साधा माणूस. मुलीसमोर येऊन बसला.

"बाळ, नोकरी सोड," तो म्हणाला. "चार महिनं माहेरी चल. लोकं काय काय बोलायला लागलीत."

"नोकरी सोडली तर लोक बोलायचे थांबतील का, अण्णा?"

"थांबत्याल की."

"मग दुसरं बोलतील. नवरा खाल्ला, नोकरीही घालवली."

"असं बोलू नगंस," तो म्हणाला आणि रडायला लागला. मग माझ्याकडं वळला. "ताई, तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल."

जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या. मांडवातले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले होते. माझ्या मनात त्या वेळी माझ्या नवऱ्याच्या मयताचा दिवस आला. त्याला पोचवून माणसं परत आली आणि मी पदर खोचून गोठ्यात गेले, कारण तीन म्हशी ओरडत होत्या. धार काढली, शेण उचललं. एकाही माणसानं म्हटलं नाही की ही बाई नवरा जाऊन चार तास झाले नाहीत आणि कामाला लागली. कारण ते काम आहे असं कुणी धरतच नव्हतं. आणि माझ्या थोरल्या दिरांची पहिली बायको, या जाऊबाईंच्या आधीची, गेली तेव्हा ते तिसऱ्या दिवशी गूळ घेऊन मार्केट यार्डात गेले होते. त्यांना सगळे म्हणाले, धीराचा माणूस.

मी व्याह्यांना म्हटलं, "ती काम करेल. दुपारी तीन ते चार तिला कुणी हाक मारायची नाही. भेटायला येणारीनं माझ्याजवळ रडावं."

"तू बी येडी झालीस," जाऊबाई म्हणाल्या.

"होय," मी म्हटलं.

बोलायला सोपं होतं. पण रीत घड्याळ बघून येत नाही. पाचव्या दिवशी नेमकी तीनच्या पुढं माझी एक भाची सासवडहून आली आणि गल्लीच्या तोंडाला तिनं हेल काढला. तिचा आवाज आधीच मोठा. सुनेच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे. मी धावत फाटकाशी गेले.

"हळू," मी तिला म्हटलं. "हळू रड."

तिनं तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघितलं. "मावशे, माझा भाऊ गेलाय."

"माझा मुलगा गेलाय. तरी हळू रड."

ती घट्ट ओठ मिटून माझ्या गळ्यात पडली. तिच्या पाठीचा हिसका मला हाताला लागत होता, आवाज मात्र नाही. त्या तासात आणखी दोघी आल्या. त्यांनाही मी फाटकाशीच अडवलं. एक तर तशीच मागं फिरली. जाताना म्हणाली, "हिला लेकाचं दुःखच न्हाई." मी माझ्या मुलाच्या दारात उभी राहून त्याच्यासाठी रडणाऱ्यांना गप्प करत होते. असं कुणाला करावं लागू नये. पण आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं, कारण त्याचा अर्थ तिकडं कुणाला काही कळलं नव्हतं.

कळलं ते आमच्याच माणसांमुळं. जाऊबाईंचा मुलगा, माझा पुतण्या, माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघं एका ताटात जेवून वाढले. सहाव्या दिवशी त्यानं रेल्वे फाटकाजवळच्या चौकात फ्लेक्स लावला. आमच्याकडं वाढदिवसाला लावतात, निवडून आल्यावर लावतात, मयताला तर लावतातच. जेवढं माणूस लाडकं तेवढा फ्लेक्स मोठा. त्यानं एवढा मोठा लावला की फाटकाच्या पलीकडून वाचता यावा. भावपूर्ण श्रद्धांजली, माझ्या मुलाचं नाव, आणि त्याचा गॉगल लावलेला फोटो.

त्याच चौकातून नव्या उंच बिल्डिंगमधल्या नोकरदार लोकांच्या गाड्या वळतात. कालपर्यंत तिथं ऊस होता, त्यातला काही आमचाच. सुनेच्या ऑफिसातला एक मुलगा त्या बिल्डिंगमध्ये राहतो. माझा मुलगा तिला आणायला जायचा तेव्हा गेटवर त्याच्याशी बोलत उभा राहायचा, म्हणून त्यानं फोटो ओळखला.

सकाळी सून फोन हातात घेऊन माझ्याकडं आली. "आई, कळलं त्यांना."

मी पुतण्याकडं गेले. तो अंगणात दात घासत होता.

"तो फ्लेक्स उतरव," मी म्हटलं.

"का, काकू? काय चुकलं का त्यात?"

"चुकलं काही नाही. उतरव."

त्यानं चूळ भरली आणि माझ्याकडं बघत राहिला. "काकू, दहाव्यापर्यंत तरी ऱ्हाऊ द्या. मला दुसरं काय करता येतंय त्याच्यासाठी?"

त्याला काय सांगणार? ऑफिस, लीड, परदेशातला साहेब, यातलं काही त्याला पटण्यासारखं नव्हतं, आणि आता उतरवून उपयोगही नव्हता. मी चालत चौकात गेले. माझ्या मुलाचा फोटो एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. गॉगलमुळं डोळे दिसत नव्हते. खाली शोक करणाऱ्यांची नावं होती, भाऊ, चुलते, मित्र, मंडळाची पोरं. बायकोचं नाव नव्हतं, मुलीचं नव्हतं, माझंही नव्हतं. आमच्यात बायकांची नावं टाकत नाहीत, मला त्यात नवीन काही नव्हतं. एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "आजी, रस्त्यात उभ्या हाय तुमी." मी घरी आले.

आठव्या दिवशी ऑफिसातून दोघं आले. तिचा साहेब, साधारण पंचेचाळिशीचा, पेठेतला दिसत होता, आणि त्याच्याबरोबर एक बाई. फळांची करंडी आणली होती. साहेब चपला बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसला, त्याचं मला बरं वाटलं. सुनेशी तो थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत बोलला. तिनं मान खाली घातली होती. मग तो माझ्याकडं वळला.

"आजी, आपण काळजी करू नका. आम्ही त्यांच्यावर आता अजिबात भार टाकणार नाही. हवी तेवढी सुट्टी घेऊ देत."

"तिनं सुट्टी मागितली का?"

"नाही, पण आम्हालाही कळतं. कुटुंब आधी. ते नवं काम आम्ही सध्या दुसऱ्याकडं सोपवलंय."

"कुणाकडं?"

त्यानं एका मुलाचं नाव घेतलं. सुनेनं मान वर केली नाही. तोच होता, मागच्या वेळचा.

"तिच्या कामात काही चूक निघाली का?" मी विचारलं.

"छे, छे. उलट फार छान करत होत्या. याही आठवड्यात सगळे कॉल केले त्यांनी. आम्हाला तर कल्पनाच नव्हती. ऐकून खरं सांगतो, अंगावर काटा आला."

"मग काढून का घेतलं?"

"काढून नाही घेतलं, आजी." तो अवघडला. "अहो, छोटी मुलगी आहे, हा एवढा मोठा आघात. त्यांना झेपणार कसं? आम्ही त्यांच्या भल्याचाच विचार करतोय."

"तुमचं लग्न झालंय का?"

"हो."

"देव करो आणि तुमच्या बायकोला शंभर वर्षं मिळोत. पण तुमच्यावर अशी वेळ आली असती तर तुमच्या साहेबानं तुमचं काम काढून दुसऱ्याला दिलं असतं का?"

"असं अभद्र बोलू नका हो, आजी."

"अभद्र आमच्या घरी होऊन गेलंय. मी नुसतं विचारतेय."

तो उठायला लागला. त्याच्याबरोबरची बाई खाली बघत होती. निघताना तिनं सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, बोलली मात्र काहीच नाही. तिलाही नोकरी करायची होती. जाऊबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. ते गेल्यावर करंडीतलं सफरचंद उलटंपालटं करून बघत म्हणाल्या, "मानूस चांगला हाय. आपल्यावानीच बोलतोय." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. पण खरं तेच होतं.

तो दिवस सून कोपऱ्यात बसून होती. दुपारी तीन वाजले, खोलीत जायचं काही कारण राहिलं नव्हतं. साडेतीनच्या सुमारास तिची धाकटी बहीण गल्लीतून आली आणि सून उठून दारात गेली. त्या दोघी जमिनीवर बसून रडल्या. मोठ्यानं. गल्लीतल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी कुणालाही हळू म्हटलं नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा ती त्याचं नाव घेऊन रडली.

चौदाव्या दिवशी ती कामावर गेली. त्या मुलाच्या हाताखाली वर्षभर राहिली. मोटरसायकल पुतण्यानं चालवायला नेली होती, ती बसनं जायची. टिकली लावून जायची आणि घरी आली तरी काढायची नाही. दोन महिने जाऊबाई त्यावर बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. दमल्या असतील. काचेच्या बांगड्या मात्र सुनेनं पुन्हा घातल्या नाहीत. मी कारण विचारलं नाही.

वर्षानंतर तिनं दुसरीकडं अर्ज केले. एका ठिकाणी विचारलं, मुलीला कोण सांभाळतं? तिनं त्यांना उलट विचारलं, तुमच्या मुलांना कोण सांभाळतं? समोर बसलेले तिघेही हसले आणि नोकरी दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी असलं काही विचारलं नाही. तिथं ती लागली. तिथं तिच्या वरची साहेबही बाई होती, ती घटस्फोटित होती आणि ते लपवत नव्हती. तिथं चार वर्षांनी सून लीड झाली. आता तिच्या हाताखाली अकरा जण आहेत, त्यात सात मुली. एकीला दिवस गेले तर तिचं काम सुनेनं काढून घेतलं नाही. तिला विचारलं, तुला काय हवंय. मुलगी म्हणाली, काम हवंय. मग दिलं. हे मला सुनेनं भाजी निवडता निवडता सांगितलं.

आमच्या भावकीत मागच्या वर्षी एक जावई गेला. त्याच्या बायकोच्या बांगड्या उतरवायला कुणी पुढं झालं नाही. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या आणि तेवढ्यात त्याला उचललं. पुढं होऊन नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. जाऊबाईंची नात आता कॉम्प्युटर इंजिनियरिंगला आहे. परवा जाऊबाई येऊन मला म्हणाल्या, "तुझ्या सुनेला इचार की, हिला कुठं चिकटवती का." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी विचारलं. सून म्हणाली, "पाठवा तिला, काकू. पण इंटरव्ह्यू तिलाच द्यावा लागेल."

लोक मला म्हणतात, काळ बदलला. बदलला असेल. माझ्या सुनेचं ते काम दोनदा गेलं, दोन्ही वेळा मायेनं गेलं, आणि दुसऱ्या वेळी तिनं ते वाचवायला स्वतःच्या नवऱ्याचा शोक दाराआड ठेवला, तरी वाचलं नाही. ते काम त्या मुलानं केलं. चांगलं केलं म्हणतात.

माझा मुलगा त्या विहिरीपाशी गेला. मागं तीन जण राहिलो, मी, माझी सून आणि माझी नात. फ्लेक्सवर नावं नसली तरी आम्ही तिघीही आहोत.